दोन शेड, एक ऑफिस आणि वारंवार बसणारं नेटवर्क: पैसे आधी कुठे घालायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, एक ऑफिस इमारत आणि दोन शेड, शेडमधलं अंतर साधारण १८० मीटर. सव्वाशे संगणक, ४८ कॅमेरे, हजेरीची यंत्रं, नेटवर्कला जोडलेल्या काही सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीन, शिवाय कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एक गोदाम. सगळ्यांचे नेटवर्क पत्ते १९२.१६८.१ च्या एकाच रेंजमध्ये. महिन्यातून एक-दोनदा सगळंच ठप्प होतं आणि स्विचच्या केबल एकेक करून काढल्या-लावल्या की कधीतरी पुन्हा सुरू होतं. व्हेंडरने दोन मोठे कोअर स्विच (बाकी सगळे स्विच ज्यांना जोडले जातात ते मधले) आणि एक मोठा फायरवॉल (कोणी कुठे जायचं ते अडवणारा-सोडणारा पहारेकरी) यांचं कोटेशन दिलंय. तीन वर्षांत माणसं दुप्पट होणार आहेत. हे घ्यायचं का?

मला विचाराल तर हे कोटेशन आत्ता बाजूला ठेवा. त्यातली उपकरणं वाईट नाहीत. पण तुमचं नेटवर्क स्विच लहान आहेत म्हणून बसत नाहीये. एका टेबलाखाली काही बिघडलं की त्याचा फटका दोन्ही शेडना, ऑफिसला आणि गेटवरच्या डिस्पॅचला एकाच वेळी बसतो, हा तुमचा खरा आजार आहे. मोठा कोअर आणला तरी तो फटका तसाच पोचेल, फक्त जास्त वेगाने. म्हणून कोटेशनमधल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: आज अमुक भाग मेला तर त्याच्याबरोबर आणखी काय काय बंद पडतं, आणि ही वस्तू घेतल्यावर त्यातलं काय चालू राहील?

आधी बंद पडण्याची किंमत काढा, आणि ती आयटीला नको, डिस्पॅचला विचारा. उलाढाल पाच कोटींच्या वर गेलेल्या कंपन्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेल्या बिलासाठी ई-इनव्हॉइस लागतो. आयआरएन (सरकारी पोर्टलवरून बिलाला मिळणारा क्रमांक) निघाला नाही तर बिल नाही, आणि बिल नाही तर गाडी गेटबाहेर पडत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाची लाइन जस्ट-इन-टाइम चालत असेल तर दुपारी नेट गेल्याचा अर्थ काय, हे डिस्पॅचचा माणूस तुम्हाला दोन वाक्यांत सांगेल. उलट सीएनसी मशीनमध्ये प्रोग्रॅम एकदा चढला की नेटवर्क गेलं तरी ती चालू राहते. मेल अर्धा दिवस नसला तरी कोणी मरत नाही. कॅमेऱ्यांना इंटरनेट लागतच नाही, रेकॉर्डिंग चालू असलं म्हणजे झालं. ही यादी हातात आली की पैसे कुठे घालायचे ते आपोआप दिसायला लागतं.

सेवा वर्षातला किती टक्के वेळ चालू राहते, ते गणितही याच जागी करून टाका. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.५ टक्के म्हणजे जवळपास ४४ तास. सेवा देणारी कंपनी करारात जो आकडा लिहून देते, तो चुकला तर पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, बस. त्या सवलतीने अडकलेली गाडी निघत नाही.

सगळं एकदम का बसतं

तुम्ही सांगितलेली लक्षणं लूपची, म्हणजे केबल फिरून त्याच जाळ्यात परत आल्याची, आहेत. कोणाला तरी मीटिंग रूममध्ये दोन जास्तीची पॉइंट हवी असतात, म्हणून तो बाजारातून आठ पोर्टचा साधा स्विच आणून टेबलाखाली ठेवतो. महिन्याभराने साफसफाईत एक केबल लोंबकळताना दिसते आणि कोणीतरी भल्या मनाने तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये किंवा शेजारच्या सॉकेटमध्ये खोचतो. इथरनेटच्या (केबलवरच्या नेटवर्कच्या) फ्रेमला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पाकिटात टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटरवर तो एकने घटतो आणि शून्यावर पाकीट मरतं. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून सोडलेल्या) फ्रेमला असं काही नाही. ती फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या नकला होतात, आणि काही सेकंदांत सगळ्या स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत लुकलुकायला लागतात. रॅकसमोर उभं राहून हे एकदा पाहिलं की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. बंद-चालू करून हा प्रकार सुटत नाही, ती केबल उपसावीच लागते. तुमच्याकडे केबल काढता-लावता मध्येच सुरू होतं ते यामुळेच.

यावरचा उपाय जुना आहे. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना स्पॅनिंग ट्रीची रीत काढली: स्विच आपसात बोलून ठरवतात की कोणता जोड चालू ठेवायचा आणि कोणता गप्प ठेवायचा. २००१ मध्ये तिची जलद आवृत्ती आली, तीच आज वापरायची. पण नुसती चालू करून भागत नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्राएल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क चारेक दिवस धड चालेना, डॉक्टर-नर्सना कागदावर काम करावं लागलं. तिथे स्पॅनिंग ट्री होतीच. जाळं मात्र एकाला एक जोडत इतकं वाढलं होतं की मूळ मानकाने गृहीत धरलेली सात स्विचांची मर्यादा ओलांडली गेली होती. तुमच्याकडे शेड दोनच्या शेवटच्या टोकापर्यंत स्विचला स्विच किती आहेत, ते या आठवड्यात चालत जाऊन मोजा. बहुतेक कारखान्यांत हा आकडा मालकाला माहीत असलेल्या आकड्यापेक्षा मोठा निघतो.

करायचं असं. टेबलाशी, मशीनशी, कॅमेऱ्याशी जाणारा प्रत्येक पोर्ट मॅनेज्ड (ज्याच्या सेटिंग बदलता येतात अशा) स्विचचा हवा. त्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचे संदेश, म्हणजे बीपीडीयू, दिसले की पोर्ट बंद करणारा), लूप प्रोटेक्शन आणि ब्रॉडकास्टला मर्यादा, तिन्ही चालू. बीपीडीयू अडवणारा स्वस्त स्विच मध्ये बसलेला असेल तर गार्डला काही दिसत नाही, म्हणून तिन्ही. मग कोणी लूप केला तर तो एकच पोर्ट बंद पडेल आणि तुम्हाला मेल येईल. रूट स्विच (स्पॅनिंग ट्री ज्याला मूळ धरते तो) कोणता ते स्वतः नेमून द्या. नाहीतर ज्याचा मॅक पत्ता (उपकरणाला बनवतानाच दिलेला क्रमांक) सर्वांत लहान तो रूट होतो, आणि तो बऱ्याचदा सर्वांत जुना स्विच असतो. टेबलाखालच्या स्विचवर बंदी घालण्याआधी पुरेसे सॉकेट मात्र द्या. सॉकेट नसताना काढलेलं परिपत्रक कोणी पाळत नाही.

एकच रेंज ठेवू नका

तुमच्या १९२.१६८.१ सारख्या एका २४ बिटांच्या रेंजमध्ये २५४ पत्ते मिळतात. सव्वाशे संगणक, ४८ कॅमेरे, प्रिंटर, हजेरीची यंत्रं आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन, एवढ्यात ते संपतात. ‘सकाळी माझं नेट लागतं, दुपारच्या शिफ्टचं लागत नाही’ ही तक्रार येत असेल तर कारण हेच. पण पत्ते संपणं हा किरकोळ भाग झाला. सगळे एका जाळ्यात म्हणजे एकाचा आजार सगळ्यांना.

२७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्फत नॉटपेट्या नावाचं घातक सॉफ्टवेअर पसरलं आणि मर्स्क ही जहाज कंपनी जगभर आडवी झाली. उरणला जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं, कंटेनर हाताने शोधून हलवायची वेळ आली. नंतर दावोसला त्यांच्या अध्यक्षांनीच सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. युक्रेनमधल्या संगणकावर शिरलेली गोष्ट उरणपर्यंत येते, कारण मध्ये तिला अडवणारं काही नसतं.

म्हणून व्हीलॅन (त्याच स्विचवर केलेली वेगवेगळी जाळी) पाडा: ऑफिस, मशीन, कॅमेरे, फोन, पाहुणे आणि स्विच-फायरवॉलच्या व्यवस्थापनासाठी एक वेगळा. पत्त्यांची रचना अशी करा की पत्ता वाचूनच जागा कळावी. उदाहरणार्थ चाकण १०.२१, गोकुळ शिरगाव १०.२२, आणि तिसरा आकडा व्हीलॅनचा. कॅमेरे ३० वर असतील तर १०.२१.३०.१७ म्हणजे चाकणचा कॅमेरा, हे रात्री दोन वाजता अर्धवट झोपेतही कळतं. क्रमांक सम द्या आणि पुढचा विषम रिकामा ठेवा. ३० ला २५४ पत्ते पुरेनासे झाले तर ३१ जोडून मास्क (रेंज किती मोठी ते सांगणारी सेटिंग) बदलला की ५१० होतात, बाकी काही हलवावं लागत नाही. तुमची ‘दुप्पट माणसं’ इथेच सामावतात. आणि १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ पुन्हा वापरू नका. घरोघरच्या राउटरमध्ये हेच पत्ते असतात, त्यामुळे घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या जाळ्यात यायची सुरक्षित वाट) लावणाऱ्याचा ऑफिसच्या पत्त्यांशी गोंधळ होतो.

व्हीलॅन पाडून मधली दारं सताड उघडी ठेवली तर फक्त आकृती सुंदर दिसते. सीएनसीच्या कंट्रोलरवर कित्येकदा जुनं विंडोज असतं आणि मशीनवाला त्याला हात लावू देत नाही. त्या व्हीलॅनमध्ये फक्त प्रोग्रॅम पाठवणाऱ्या सर्व्हरला प्रवेश, बाकी सगळं बंद, इंटरनेट तर नाहीच. मशीन कंपनीच्या इंजिनिअरला दुरून बघायचं असेल तर तेवढ्या वेळापुरतं दार उघडायचं आणि काम झालं की लावायचं. तुमच्या कोटेशनमधल्या फायरवॉलचा खरा उपयोग इथे आहे, त्यामुळे तो ठेवा, फक्त आकार तपासून घ्या. माहितीपत्रकावरचा मोठा आकडा सगळी तपासणी बंद असतानाचा असतो. तपासणी चालू ठेवून किती मिळतं, तो आकडा मागा.

दोन शेडमधली वायर

तांब्याच्या केबलची मर्यादा पॅच कॉर्ड धरून १०० मीटर. तुमचं अंतर १८०. म्हणजे मध्ये कुठेतरी, बहुधा खांबावरच्या एखाद्या पत्र्याच्या पेटीत, स्विच बसवलेला असणार. मे महिन्यात वळीव आला की त्या पेटीचे किंवा दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात का ते आठवून बघा. दोन इमारतींचं अर्थिंग एकाच पातळीवर नसतं. वीज जवळ पडली की तो फरक तांब्यातून वाट काढतो. इमारतीबाहेर तांबं न्यायचंच नाही, फायबर टाकायचं.

फायबर सिंगल मोडच घ्या. तीच काच आज एक गिगाबिट नेते, उद्या टोकाचे एसएफपी (फायबर स्विचला जोडणारे छोटे मॉड्यूल) बदलले की दहा, परवा त्याहून जास्त. आणि चार कोरची (काचतंतूंची) मागवू नका, बारा किंवा चोवीस कोरची मागवा. खर्च खोदकामाचा, पाइपचा आणि मजुरीचा असतो, जास्तीच्या काचेचा फरक त्यात किरकोळ ठरतो. आर्मर्ड केबल असेल तर तिचं धातूचं कवच इमारतीत शिरतानाच अर्थिंगला जोडून घ्या, नाहीतर काच टाकूनही वीज आत येते. दोन वाटा ठेवा: एक रस्त्याच्या बाजूने, दुसरी मागच्या कंपाउंड भिंतीने. एकाच चरीत दोन केबल टाकल्या तर जेसीबीला त्या एकच वाटतात.

आतल्या वायरिंगबद्दल एकच, पण महत्त्वाचं. स्वस्तातली ‘कॅट ६’ केबल अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. तारेवर ब्लेड घासा. आत चंदेरी दिसलं तर पूर्ण खोकं परत करा. पीओईवर (नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देतात तेव्हा) ती तापते, वाकवली की तुटते आणि मानकात बसत नाही. प्रत्येक पॉइंटचा टेस्ट रिपोर्ट मिळाल्याशिवाय बिल पास करू नका. पीओईचा हिशेबही आत्ताच करा. २४ पोर्टच्या स्विचचं बजेट बऱ्याचदा ३७० वॉट असतं, म्हणजे प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट, तेवढंच. त्यावर मोठे वायफाय ॲक्सेस पॉइंट आणि हलणारे कॅमेरे लादले तर दिवसा सगळं चालतं आणि रात्री इन्फ्रारेड लागले की काही कॅमेरे बंद पडतात. मग पोरं कॅमेरे बदलत बसतात.

कोअर किती मोठा लागतो?

एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस धरले तरी ४८ कॅमेऱ्यांचे २०० च्या आत येतात. रेकॉर्डर कॅमेऱ्यांच्याच शेडमध्ये ठेवला तर तेही मधल्या वाटेवर येत नाहीत. ऑफिसचं काम थोडं-थोडं आणि लाटेलाटेने चालतं. शेड ते ऑफिस दहा गिगाबिटचे दोन जोड असले की दुप्पट माणसांनाही पुरून उरतात. माणसं वाढली की टोकाचे पोर्ट वाढतात, मधला स्विच नाही. म्हणून व्हेंडरने सुचवलेले अवाढव्य कोअर काढून मध्यम आकाराचे दोन घ्या, आणि वाचलेल्या पैशांत टोकाचे स्विच चांगले घ्या.

हे दोन कोअर एकाच रॅकमध्ये एकावर एक ठेवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. छप्पर गळलं, यूपीएस गेला, एसीचं पाणी टपकलं, तर दोन्ही जातात. एक ऑफिसमध्ये आणि दुसरा शेड दोनमध्ये ठेवा, स्टॅक न करता (म्हणजे दोन्ही जोडून एक न करता) व्हीआरआरपीवर, ज्यात एक गेला की दुसरा आपोआप त्याची जागा घेतो. स्टॅक सांभाळायला सोपा असतो हे खरं, पण तो सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एकच स्विच असतो आणि अपग्रेड फसलं तर दोघंही बसतात. प्रत्येक टोकाच्या स्विचमधून एक जोड इकडे, एक तिकडे.

आणि टोकाच्या स्विचचा एक जादा नग कॉन्फिगरेशनसह कपाटात ठेवा. ‘चार तासांत माणूस येईल’ अशी एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कागदावर छान दिसते, पण नाशिक फाट्यापासून चाकण चौकापर्यंत संध्याकाळी यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

इंटरनेटच्या दोन लाइन

दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या म्हणजे झालं, असं नसतं. दोघांची शेवटची वायर एकाच खांबावरून किंवा एकाच चरीतून येत असेल तर तुम्ही दोन बिलं भरताय आणि लाइन एकच आहे. दोघांकडून मार्गाचा नकाशा मागा, मिळत नसेल तर वायर जाते त्या वाटेने चालत जा. एक लीज लाइन (फक्त तुमच्यासाठी राखलेली), दुसरी वेगळ्या दिशेने येणारी ब्रॉडबँड, आणि तिसरा फक्त डिस्पॅचसाठी सिमवरचा राउटर. आयआरएन काढायला किती डेटा लागतो? जवळजवळ काहीच नाही.

फायरवॉल एका लाइनवरून दुसरीवर कधी उडी मारतो, ते नक्की बघा. बऱ्याच ठिकाणी तो फक्त पोर्ट चालू आहे का एवढंच पाहतो. सेवा कंपनीचा डबा तुमच्या यूपीएसवर जिवंत असतो, पोर्ट हिरवा असतो, आणि पुढे पाच किलोमीटरवर फायबर तुटलेली असते. तपासणी बाहेरच्या दोन-तीन वेगवेगळ्या पत्त्यांवर लावा.

दुरुस्तीसाठी आत शिरायची वाट त्याच नेटवर्कमधून जाऊ देऊ नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहाएक तास जगातून गायब झालं, तेव्हा त्यांच्याच इंजिनिअरना आत पोचणं अवघड झालं होतं. ८ जुलै २०२२ ला कॅनडाच्या रॉजर्स कंपनीचं नेटवर्क बसलं, एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहक अडकले, आणि तिथेही व्यवस्थापनाची वाट त्याच बसलेल्या जाळ्यावर होती. तुमच्यासाठी याचा उपाय स्वस्त आहे: डिस्पॅचसाठी घेतलेल्या त्या सिमच्या राउटरला एक कन्सोल सर्व्हर (स्विच-फायरवॉलमध्ये नेटवर्कशिवाय थेट शिरता येईल असा डबा) जोडा.

गोकुळ शिरगावला ब्रॉडबँडवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता बहुधा मिळणार नाही, म्हणून व्हीपीएनचा बोगदा तिकडून चाकणकडे उघडायचा, चाकणच्या दोन्ही लाइनवर एकेक. तिथली माणसं टॅलीचा डेटा शेअर्ड फोल्डरने उघडत असतील तर ते थांबवा. फोल्डरमधून हजारो छोटी वाचनं होतात. एका फेरीला २० मिलिसेकंद धरले तर हजार फेऱ्यांना २० सेकंद, आणि मध्येच लाइन तुटली तर डेटा खराब होण्याची भीती वेगळीच. टॅली चाकणच्या सर्व्हरवरच चालवा, तिकडे रिमोट डेस्कटॉपने फक्त पडदा दाखवा. यासाठी जास्त वेगाची लाइन घेऊन उपयोग नाही. अडचण अंतराची आहे.

वायफायबद्दल फार लिहीत नाही. शेडमध्ये सर्व्हे रॅक मालाने भरलेले असताना करून घ्या, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ याच वाहिन्या, आणि पाहुण्यांचा व्हीलॅन थेट बाहेर.

लॉगचं (उपकरणं ठेवतात त्या नोंदींचं) मात्र आत्ताच बघा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस देशातच ठेवायचे, ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. कायद्याचं सोडा, कॅमेरा, फायरवॉल आणि सर्व्हर यांची घड्याळं एकमेकांत सात-सात मिनिटं पुढेमागे असतील तर काय आधी घडलं तेच कळत नाही. नेटवर्कवर नजर ठेवणारी झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, एका जुन्या सर्व्हरवर बसतात.

आता क्रम. पहिल्या महिन्यात टोकाचे स्विच, लूपचा बंदोबस्त आणि डिस्पॅचचा सिम राउटर. यानेच तुमची महिन्याची बोंब थांबेल. मग फायबरच्या दोन वाटा आणि व्हीलॅन. कोअरची जोडी त्यानंतर. पर्चेस ऑर्डरमध्ये स्वीकृतीची अट अशी लिहा: गुरुवारी, आठवडी सुट्टीच्या दिवशी, व्हेंडरसमोर एकेक करून शेडकडची फायबर काढायची, एक कोअर बंद करायचा, लीज लाइन उपसायची, यूपीएसची मेन बंद करायची, आणि प्रत्येक वेळी डिस्पॅचच्या टेबलावरून बिल निघतंय का ते बघायचं. निघालं नाही तर शेवटचा हप्ता थांबवायचा. त्याच अटीत हेही घाला की सगळ्या उपकरणांचे ॲडमिन पासवर्ड, कॉन्फिगरेशनच्या फाइल आणि कोणता पोर्ट कुठे जातो याचा तक्ता तुमच्या नावावर, तुमच्या ताब्यात मिळाला पाहिजे. व्हेंडर ‘पासवर्ड आमच्याकडेच सुरक्षित आहे’ म्हणाला तर दुसरं कोटेशन मागवा.